कशावरून, ते कंसात लिही

ती पडली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मोठा नव्हता. सुकी काटकी मोडते तेवढाच. मी पडवीत भिंतीला टेकून बसले होते, ती माझ्यापासून चार हातांवर. मोबाईल हातातून उडून तुळशीपाशी गेला होता आणि उजवं मनगट जिथे वाकायला नको तिथे वाकलं होतं. नात रडली नाही. हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, माझी दहावी."

परीक्षेला महिना राहिला होता.

रविवार असल्यामुळे मुलगा घरी होता. त्याने तिला स्कूटरवर मध्ये बसवलं, सून मागे बसली आणि तिघं विरारला हाडांच्या डॉक्टरकडे गेली. मी एकटीच मागे राहिले. सकाळपासून मी वाल सोलत होते. आमच्या खाडीकडच्या शेतात भात निघाल्यावर वाल होतात, आणि मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून सोलले की बिरडं करता येतं. त्यांच्या साली बुळबुळीत असतात. त्या दिवशी माझ्याभोवती फरशीवर साली पसरल्या होत्या, आणि तिचा पाय सरकला त्या जागी सालींमधून एक लांब रेघ गेली होती. मी साली झाडून केळीच्या बुंध्याशी टाकल्या आणि फरशी पुसली. त्यात लबाडी नव्हती. सांडलेलं आवरायची हाताला सवय असते.

लबाडी संध्याकाळी झाली. ती तिघं परत आली, हात कोपरापर्यंत पांढरा, प्लास्टर सहा आठवडे. मुलगा म्हणाला, मोबाईलने घात केला, चालताना डोळे त्यात. सूनही तेच म्हणाली. नातीने मान खाली घातली, कारण मोबाईल हातात होता हे खरंच होतं. मी ताटं वाढली. बोलले नाही. मोबाईल कपाटात गेला आणि कपाटाला कुलूप लागलं.

शाळेने सांगितलं की लेखनिक मिळेल. म्हणजे परीक्षेत ही बोलणार आणि दुसरं मूल लिहिणार. लिहिणारं मूल खालच्या वर्गातलं पाहिजे असा नियम आहे, आणि त्याने ही सांगेल तेवढंच लिहायचं. चंदनसारला राहणारी नववीतली एक मुलगी तयार झाली, पण तिलाही तिचा अभ्यास होता. ती फक्त शेवटच्या रविवारी येणार होती. तोपर्यंत सांगून लिहून घ्यायची सवय करायला घरात कोण? मुलगा सकाळी मुंबईला जातो तो रात्री येतो. सून वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला जाते. उरले मी. मी चौथी शिकले आहे. अक्षर बरं आहे, कारण आमच्या वेळी दुसरं काही शिकवतच नसत.

मराठी, इतिहास सोपं गेलं. तोंड तिचं आधीपासूनच चालतं. बीजगणितही कसंबसं झालं. अडलं ते भूमितीला. तिला पुढे डिप्लोमा करायचा होता, यंत्रांचा, आणि त्याला गणिताचे गुण लागतात. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुली कॉमर्सचं बोलत होत्या, हिचं एकच धरलेलं. भूमिती गेली तर ते गेलं, एवढं मला कळत होतं.

पहिल्या दुपारी मी वही घेऊन बसले. ती म्हणाली, "लिही. सिद्धता." मी लिहिलं. मग ती गप्प. मी वाट बघितली. प्लास्टरमधून बाहेर आलेली तिची बोटं हलत होती.

"सांग की पुढे."

"हातात पेन असलं की येतं गं."

म्हणजे तिला ते येतच नव्हतं. त्या मुलीने एकेक सिद्धता वीसवीसदा लिहून काढली होती, आणि ती हाताला पाठ झाली होती. हात मोडला तशी सिद्धताही गेली. मी तिला तसं सांगितलं. तिला राग आला. म्हणाली, तुला काय कळतं त्यातलं. मी म्हटलं, काही नाही, म्हणूनच सांग.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. ती एक ओळ सांगणार, मी लिहिणार, आणि ओळीच्या शेवटी कंस काढून विचारणार, कशावरून. तिच्या पुस्तकात तसंच असतं. डावीकडे म्हणणं, उजवीकडे कंसात त्याचं कारण. कारण आलं की मी ते लिहायचं आणि कंस बंद करायचा. नाही आलं तर पुढची ओळ घ्यायची नाही. हे मी माझ्या मनाने ठरवलं, कारण मला मधल्या गाळलेल्या जागा सहन होत नाहीत.

पहिलं कारण नेहमी एकच असे. "पक्ष."

"म्हणजे काय?"

"दिलेलं आहे ते."

"कोणी दिलं?"

"प्रश्नाने दिलं, आजी. ते मानायचंच असतं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं आपण म्हणतो ना. आपलं कोण मानणार?"

हे मला पटलं. पासष्टी उलटल्यावर पटलं, पण पटलं. आमच्या घरात असंच चालायचं. सासरे जे म्हणत ते पक्ष, आणि मी जे म्हणेन त्याला कारण द्यायचं.

दुसरं एक कारण होतं, सामाईक बाजू. दोन त्रिकोण एकमेकांना चिकटलेले असतील तर मधली रेघ दोघांची. ती म्हणाली, लिही, ओ-पी बरोबर ओ-पी. मी पेन खाली ठेवलं. रेघ स्वतःएवढीच लांब आहे, हे परीक्षेत लिहायचं? आणि त्याला कारण पण द्यायचं?

"द्यायचं. नाही दिलं तर अर्धा गुण जातो."

मला हसू आलं. मग आठवलं की आमच्या आणि दिराच्या शेतामध्ये एकच बांध आहे, आणि त्याच्यावरून तीस वर्षं बोलणं चाललं. बांध कोणाचा यावर भांडण झालं. पण तो इकडून धरला तरी तेवढाच आणि तिकडून धरला तरी तेवढाच, हे कोणी कधी तोंडाने म्हटलं नाही. तेवढं म्हटलं असतं तर निदान एका गोष्टीवर दोन्ही घरं एक झाली असती. मी कंसात सामाईक बाजू लिहिलं. त्यानंतर त्या कारणाला मी हसले नाही.

आकृती काढायचं काम मात्र माझ्या हातचं नव्हतं. कंपास मला चालवता येईना, टोक सरके आणि कागद फाटे. म्हणून मी आमटीची वाटी पालथी घालून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. वर्तुळ झालं. केंद्र द्यायचं म्हणाली, त्याचं नाव ओ, मी अंदाजाने टिंब दिलं, ते एका बाजूला गेलं. वर्तुळाच्या बाहेर दुसरं टिंब, त्याला तिने पी म्हणायला सांगितलं. पी-पासून दोन रेघा काढायच्या, दोन्ही वर्तुळाला नुसत्या टेकल्या पाहिजेत, कापून आत जायच्या नाहीत, त्यांना स्पर्शिका म्हणतात. टेकतात त्या जागा ए आणि बी. इंग्रजी अक्षरं मला गॅसच्या बिलावरून छापील ओळखता येतात, पण बी मी उलटा काढला. सिद्ध काय करायचं, तर त्या दोन रेघा सारख्या लांबीच्या आहेत.

माझ्या आकृतीत त्या अजिबात सारख्या नव्हत्या. एक आखूड, एक लांब. मधलं टिंब एका कडेला.

ती बघून इतकी हसली की प्लास्टर गुडघ्यावर आपटलं. मग म्हणाली, ही आकृती चुकीची आहे, खोडून टाक. मी म्हटलं, मला याहून चांगली येणार नाही. तिने तो कागद दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन गणिताच्या बाईंना दाखवला. बाई म्हणाल्या म्हणे, असू दे, आकृती फक्त बोलण्यापुरती असते, वाकडी असली तरी चालेल, कारणं सरळ पाहिजेत. आजीला सांग, हीच आकृती ठेवा.

बाईंना काय कळलं ते मला दोन दिवसांनी कळलं. पुस्तकातली आकृती इतकी नीटस असते की डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, आणि पोर कारण न देता पुढे जाते. आधी ती तसंच करायची. मी विचारलं कशावरून, की म्हणायची, दिसतंय ना. माझ्या आकृतीत काहीच दिसत नव्हतं. ओ-ए आणि ओ-बी या दोन रेघा माझ्या कागदावर लहानमोठ्या होत्या, तरी तिला म्हणावं लागलं की त्या सारख्या, आणि कशावरून, तर दोन्ही एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. ती रेघेकडे बघायची, मग वर आढ्याकडे बघायची, आणि मग कारण यायचं. आढ्याकडे बघितलं की बरोबर यायचं.

एकदा तिने मला फसवलं, किंवा स्वतःला. अडली, आणि घाईने म्हणाली, लिही, पी-ए आणि पी-बी सारख्या. मी कंस काढला. ती म्हणाली, कारण एकाच बिंदूतून काढलेल्या स्पर्शिका सारख्या असतात. मी लिहिलं. लिहिता लिहिता वर नजर गेली. वर मीच लिहिलं होतं, साध्य, म्हणजे सिद्ध करायचं ते. आणि ते हेच होतं.

"हे तर तुला शेवटी म्हणायचं आहे ना?"

"हो."

"मग तेच कारण म्हणून कसं चालेल?"

तिने वही ओढून वरची ओळ वाचली. मग म्हणाली, "खोड." मी खोडलं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा मला चहा करून दिला, डाव्या हाताने, अर्धा बशीत सांडून.

हे सगळं चालू असताना मोबाईल कपाटात होता. सून कामावरून दमून यायची आणि जेवताना एखादं वाक्य टाकायची. मोबाईलला पण एक लेखनिक बघा म्हणावं, बिचाऱ्याला बोटं नाहीत आता. किंवा, आमच्या घरात सपाट फरशीवर पडणारी एकच. नात ताट संपवून उठायची. तिला स्वतःलाही ते पटलं होतं. मी आमटी वाढत होते, त्याच वाटीत.

परीक्षेला दहा दिवस असताना असंच जेवण चाललं होतं. सून काहीतरी बोलली. नातीने घास खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मोबाईल हातात होता, हे पक्ष. मी पडले, हे पण पक्ष. एकामुळे दुसरं झालं, ते कशावरून?"

मुलगा हसला. म्हणाला, भूमिती डोक्यात गेली हिच्या.

"दिसतंय म्हणून नको. कारण सांगा."

ती हे गमतीने बोलत होती. निम्मं तरी गमतीने. पण तिने सगळ्यांकडे बघून शेवटी माझ्याकडे बघितलं, कारण कंस काढून बसायचं काम माझं होतं.

मी म्हटलं, "साली होत्या. वालाच्या. तुम्ही गेल्यावर मी झाडल्या."

मुलगा ताटात बघत राहिला. सून म्हणाली, "आई, तीन आठवडे झाले." एवढंच म्हणाली. तिच्या जागी मी असते तर जास्त बोलले असते.

नातीने विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होय."

"आणि रोज दुपारी मला विचारत होतीस, कशावरून."

का बोलले नाही म्हणाल तर तिला कोणी मारलं नव्हतं, नुसता मोबाईल गेला होता. आणि तो जाणं बरंच, असं मला वाटत होतं. हे मी स्वतःला सांगायचे. खरी गोष्ट अशी की म्हातारीच्या हलगर्जीपणाने पोरीचं वर्ष जाईल, हे त्या घरात माझ्या नावावर मला नको होतं. या वयात घरात माझं फारसं काही चालत नाही. काम नीट करते, एवढंच नाव उरलेलं.

सुनेने उठून कपाट उघडलं आणि मोबाईल मुलीपुढे ठेवला. तिने तो उचलला नाही. वही उचलली आणि आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दुपारी आतल्या खोलीत भिंतीला सांगत बसायची. मला तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. भिंत कशावरून विचारत नाही, त्यामुळे ती भराभर पुढे जात होती. मी पडवीत बसले. आत जाऊन समजूत घातली नाही. मला तसं करता येत नाही, आणि मी काय म्हणणार होते?

तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली आणि वही माझ्या मांडीवर टाकली. तोंड फुगलेलंच होतं.

"साली होत्या हे पण नुसतं पक्षच झालं, आजी. मी मोबाईलमध्ये बघत होते. साली दिसल्या नाहीत. किंवा दिसल्या असत्या तरी पडले असते. तू म्हणतेस म्हणून ते सिद्ध होत नाही."

"मग कशाने पडलीस?"

"मला माहीत नाही. लिही, सिद्धता."

तिने मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. पाण्याला उठलो तेवढंच.

शेवटच्या रविवारी नववीतली मुलगी आली. हसरी, चलाख, अक्षर मोत्यासारखं. कंपास भर्रकन फिरवून तिने असं वर्तुळ काढलं की मला माझ्या वाटीची लाज वाटली. नात सांगत होती, ती लिहीत होती. मी बाजूला बसले होते. एका ओळीला नात थांबली, विचार करत होती, तोवर त्या मुलीने कंसात कारण लिहून टाकलं.

नात म्हणाली, "ते मी सांगितलं नव्हतं."

"पण बरोबर आहे ना, ताई?"

"बरोबर आहे. पण मी सांगितलं नव्हतं. खोड."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली, मोठं माणूस काही बोलेल म्हणून. मी नातीकडे बोट केलं. तिने खोडलं. नातीने आणखी थोडा वेळ घेतला आणि तेच कारण सांगितलं.

भूमितीच्या पेपरला मी रिक्षाने तिच्याबरोबर गेले. मुलाची सुट्टी आधीच्या पेपरांना संपली होती. फाटकाच्या आत आम्हाला सोडत नाहीत. समोर बदामाचं झाड होतं, त्याच्या पाराशी बाकीच्या मुलांच्या आया बसल्या होत्या, त्यांत मी एक. कोणी जप करत होतं, कोणी मोबाईल बघत होतं. एकीने विचारलं, तुमचा नातू का? मी म्हटलं, नात. हात मोडलाय. ती बाई हळहळली आणि विचारू लागली, कशाने मोडला? मी म्हटलं, पडली.

लेखनिकाबरोबर लिहिणाऱ्यांना जादा वेळ मिळतो, म्हणून बाकीची मुलं बाहेर आल्यानंतर बऱ्याच वेळाने ती आली. चेहरा उतरलेला नव्हता आणि खुललेलाही नव्हता. मी विचारलं, स्पर्शिका आल्या का? म्हणाली, नाही आल्या. इतके दिवस वाटी फिरवली, तो प्रश्न आलाच नाही. दुसरंच होतं. ते तिने सांगितलं, बहुतेक सगळं.

एका ठिकाणी अडलं. दोन कोन सारखे आहेत हे तिला माहीत होतं, कशावरून ते आठवेना. लिहिणाऱ्या मुलीला येत होतं. नववीलाच असतं ते. ती पेन धरून थांबली होती, आणि ओठ दाबून बसली होती. कंसात काहीतरी सांगितलं असतं तर कदाचित लागलंही असतं. नात म्हणाली, मी सांगितलं, कंस काढ, रिकामा ठेव आणि पुढची ओळ घे.

घरी मुलगा चिडला. कोणी रिकामं सोडतं का, काहीही ठोकायचं. ती म्हणाली, मला येत नव्हतं, बाबा. सून त्याला म्हणाली, जेवू द्या तिला आधी.

निकाल लागला. भूमितीत तिला वाटले होते त्याहून कमी गुण मिळाले, पण पुरले. डिप्लोमाला जागा मिळाली, हव्या त्या कॉलेजात नाही, लांबच्या. आता रोज जाते. मनगट पावसाळ्यात दुखतं म्हणते.

आमच्या आळीतली माणसं सांगतात की चौथी शिकलेल्या आजीने नातीला दहावीची भूमिती शिकवली. माझ्या तोंडावर सांगतात आणि मी ऐकते. तसं काही झालेलं नाही. तिने सांगितलं ते मी लिहिलं आणि कंस काढले. हात तिचा मोडला. सहा आठवडे प्लास्टर तिने वागवलं. परीक्षेच्या खोलीत ती बसली होती.